दास्यविमोचनाची मिति : नाशिकच्या शरणपुराच्या निमित्तानें

गुलामगिरी संपल्याचा दिवस सणासारखा पाळण्याची रीत जगांत अनेक ठिकाणीं आहे. वेस्ट इंडीज बेटांत १ ऑगस्ट, मॉरिशसांत १ फेब्रुवारी व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९ जून, असे हे दिवस निरनिराळे आहेत. हिंदुस्थानासाठीं अशी मिति कोणती धरावी, असा प्रश्न मग सहजच उत्पन्न होतो.

मिति ठरविणें हें संशोधकाचें रोजचें काम आहे. एका पत्राची मिति चार दिवसांनीं चुकली तर सबंध मोहिमेची संगति बिघडते, हें या पृष्ठांच्या वाचकांस सांगावयास नको. पण दास्यविमोचनाच्या बाबतींत ही सावधगिरी पाळली जात नाहीं. कायद्याच्या माथ्यावरील तारीख उचलावयाची आणि तिलाच मुक्ततेची तारीख म्हणावयाचें, असा प्रघात पडला आहे. त्याची परीक्षा करण्यास नाशिक हें फार सोयीचें स्थळ आहे. कारण गुलामगिरींतून सुटलेलीं आफ्रिकी माणसें जेथें वसाहत करून राहिलीं, तें शरणपूर नाशिकच्या शिवेवरच होतें. या विषयावर तीन मतें रूढ आहेत. एकेकाचा पूर्वपक्ष मांडून आम्ही त्याचा विचार करितों.

पहिलें मत : ‘१८३३ सालीं गुलामगिरी बंद झाली’

ब्रिटिश पार्लमेंटानें १८३३ च्या ऑगस्टांत कायदा करून साम्राज्यांतील गुलामगिरी बंद केली व तो कायदा १ ऑगस्ट १८३४ पासून अमलांत आला, असें या मताचें म्हणणें. कायद्याचीं पहिलीं पानें वाचून थांबल्यास तें बरोबर वाटतें. परंतु त्याच कायद्याच्या ६४ व्या कलमानें ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यांतील मुलूख, सिलोन व सेंट हेलेना हीं स्पष्टपणें वगळलीं आहेत. म्हणजे ज्या १ ऑगस्टाची सुट्टी आज त्रिनिदादांत मिळते, त्या दिवशीं नाशिक प्रांतांतील एकहि कुणबीण या कायद्यानें मोकळी झाली नाहीं.

वेस्ट इंडीजमध्यें तरी त्या दिवशीं काय झालें? सहा वर्षांखालील मुलें सुटलीं. बाकीचे लोक बहुतेक बेटांत ‘उमेदवार’ या नांवाखालीं जुन्याच मालकांकडे बांधलेले राहिले, आणि ही उमेदवारी १ ऑगस्ट १८३८ रोजीं संपली. मालकांस नुकसानभरपाई म्हणून दोन कोटि पौंड मंजूर झाले. गुलामांच्या वांट्यास त्यांतील कवडी आली नाहीं.

हिंदुस्थानचा मार्ग निराळा होता. १८३३ च्याच सनदेच्या कायद्यानें गव्हर्नर जनरलास गुलामांची स्थिति सुधारण्याचा व पुढें गुलामगिरी नाहींशी करण्याचा विचार करण्यास सांगितलें. लॉ कमिशनचा अहवाल १८४१ सालीं आला, आणि ७ एप्रिल १८४३ रोजीं त्या वर्षाचा पांचवा कायदा मंजूर झाला. त्याचीं कलमें अवघीं चार. कोणाहि सरकारी अंमलदारानें हुकूमनाम्याच्या वसुलीसाठीं किंवा साऱ्याच्या बाकीसाठीं माणूस गुलाम म्हणून विकूं नये, हें पहिलें. गुलामावरील मालकीचा हक्क कोणत्याहि न्यायालयानें मानूं नये, हें दुसरें. स्वतः मिळविलेली मिळकत, केवळ गुलाम आहे या सबबीवर, कोणाकडून हिरावली जाऊं नये, हें तिसरें. आणि स्वतंत्र माणसाविरुद्ध केलें असतां जें कृत्य गुन्हा ठरतें, तें गुलामाविरुद्ध केलें तरी गुन्हाच, हें चौथें.

यांत गुलाम ठेवणें हा गुन्हा आहे असें कोठेंहि म्हटलेलें नाहीं. सरकारनें गुलामास मालकाच्या घरांतून बाहेर आणलें नाहीं. मालकाच्या हातांतील कचेरीचा आधार तेवढा काढून घेतला. गुलाम निघून गेला तर त्यास धरून आणून देण्यास सरकार बांधलेलें नाहीं, हा या कायद्याचा खरा अर्थ. मालकवर्ग दुखवावयाचा नाहीं, भरपाई द्यावयाची नाहीं आणि तरीहि कायदा केल्याचें श्रेय घ्यावयाचें, असा हा तिहेरी हिशेब होता. तो इतका सोयीचा ठरला कीं पुढें आफ्रिकेंत गोल्ड कोस्टवर १८७४ त व झांजिबारांत १८९७ त हाच नमुना वापरण्यांत आला. माणसास गुलाम म्हणून विकत घेणें, विकणें किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध अडकवून ठेवणें हा गुन्हा ठरला तो १८६० च्या दंडसंहितेच्या ३७० व्या कलमानें, आणि ती संहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली.

आपल्या दप्तरांतील पत्रांवर पुष्कळदां दोन मित्या आढळतात. एक पत्र लिहिल्याची. दुसरी, तें हातीं पडल्यावर घेणाऱ्याच्या कारकुनानें टिपलेली, म्हणजे पैवस्तीची. या दोहोंतील अंतर लक्षांत न घेतां घटनाक्रम लावणारा संशोधक हमखास फसतो. १८४३ च्या कायद्यास हीच कसोटी लावावी. निघून गेलें तर कोणी परत आणूं शकत नाहीं, हें कळल्यावांचून या कायद्याचा गुलामास कांहींच उपयोग नव्हता. म्हणून ७ एप्रिल १८४३ ही केवळ रवानगीची तारीख आहे. पैवस्तीची तारीख प्रत्येक घराची वेगळी. ज्या दासीस हा कायदा शेवटपर्यंत कळलाच नाहीं, तिच्यापुरती पैवस्ती झालीच नाहीं.

दुसरें मत : ‘ज्यानें सोडविलें त्याचा दिवस’

दुसरें मत मिशनरी वाङ्मयांतून आलेलें आहे. गलबत पकडलें गेलें त्या दिवशीं गुलाम मुक्त झाला, शरणपुरांत त्यास माणुसकी मिळाली, आणि लिव्हिंग्स्टनचें शव वाहून नेऊन त्यानें उपकारांची फेड केली, असा या कथेचा क्रम आहे. यांतील घटना खऱ्या आहेत. त्यांची मांडणी मात्र तपासण्यासारखी आहे.

शरणपुराची स्थापना चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम साल्टर प्राइस यांनीं १८५४ सालीं केली. आरंभीं ती एतद्देशीय ख्रिस्ती कुटुंबांची वसाहत होती. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम घेऊन निघालेलीं गलबतें ब्रिटिश आरमार पकडीत असे, व त्यांवरील मुलें मुंबईस उतरविलीं जात. त्यांपैकीं कित्येक शरणपुरास पाठविलीं गेलीं. तेथें त्यांस इंग्रजी, सुतारकाम, लोहारकाम व शेती शिकवीत. त्यांचीं मूळ नांवें जाऊन नवीं आलीं: सायमन प्राइस, रिचर्ड इझेनबर्ग, कॅरस फॅरार. प्राइस, इझेनबर्ग व फॅरार हीं तर नाशकांतील मिशनऱ्यांचींच आडनांवें. पुढें पूर्व आफ्रिकेंत हे लोक ‘बाँबे आफ्रिकन’ म्हणून आणि लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशींत ‘नासिक बॉइज’ म्हणून ओळखले गेले. ज्या गांवानें त्यांस नांव दिलें, त्या गांवाच्या स्मृतींत मात्र ते नाहींत. शरणपूर रस्त्यानें रोज जाणाऱ्यांस हें ‘शरण’ कोणाचें, याची कल्पना क्वचितच असते.

लिव्हिंग्स्टन १८६४ सालीं झांजिबाराहून आपलें लहानसें जहाज हांकीत मुंबईस आला व १८६५ त पुन्हां आला. शेवटच्या सफरीसाठीं त्यानें जी मंडळी जमविली तींत मरीन पलटणीचे १३ शिपाई होते आणि शरणपुराचे ९ तरुण होते. जानेवारी १८६६ त ही मंडळी मुंबईहून निघाली. सफरीच्या आरंभींच्या रोजनिशींत या तरुणांविषयीं तक्रारीच फार आहेत, आणि त्यांतील कित्येक वाटेंतच सोडून गेले. १८७२ त स्टॅन्लीनें झांजिबाराहून जी नवी मंडळी पाठविली, तींत आणखी सहा नाशिककर होते. जेकब वेनराइट हा त्यांपैकीं एक.

लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशींतील शेवटची नोंद २७ एप्रिल १८७३ ची आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत चितांबोच्या गांवीं तो वारला. त्याचें हृदय तेथेंच एका झाडाखालीं पुरलें, वेनराइटनें प्रार्थना म्हटली, आणि झाडाच्या खोडावर इंग्रजी अक्षरांत एक लेख कोरला. मग वाळविलेलें शव घेऊन ही मंडळी सुमारें नऊ महिने चालून १८७४ च्या फेब्रुवारींत बागामोयोच्या किनाऱ्यावर पोंचली. वेनराइट शवाबरोबर इंग्लंडास गेला व १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींत झालेल्या दफनविधींत शवपेटीच्या मानकऱ्यांत होता.

झाडावरील लेख हें प्रथम दर्जाचें साधन आहे. १८९९ सालीं झाड तोडून लेखाचा भाग लंडनच्या रॉयल जिऑग्रॅफिकल सोसायटीकडे नेण्यांत आला. त्यावर ४ मे १८७३ ही तारीख आहे. मान्य झालेली मृत्युतिथि मात्र १ मे. ती होरेस वॉलरच्या आवृत्तींतून रूढ झाली. वॉलरनें लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या रोजनिश्या दोन खंडांत १८७४ सालीं प्रसिद्ध केल्या, आणि शेवटचें प्रकरण सुसी व चुमा या दोघा सेवकांस इंग्लंडांत बोलावून त्यांच्या सांगण्यावरून रचलें. वॉलरनें रोजनिश्यांत काटछांट कशी केली, हें डोरोथी हेली यांनीं १९८७ च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे. आमचा मुद्दा त्याहून लहान आहे. मंडळींतील एक माणूस लिहितां येणारा होता व त्यानें स्वतःच्या हातानें रोजनिशी ठेविली होती. तिचें जर्मन भाषांतर १८७४ सालींच निघालें. पण मूळ इंग्रजी हस्तलेख ब्लँटायर येथील लिव्हिंग्स्टन जन्मस्थान संग्रहालयांत पडून राहिला व सर्वांस वाचावयास खुला झाला तो २०१९ सालीं. मृत्यूच्या प्रसंगीं हजर असलेल्या आफ्रिकी माणसाच्या हातचें हें लिखाण; त्याचें मूळ खुलें व्हावयास १४५ वर्षें लागलीं.

यांतील बोध हस्तलेखसंग्राहकांस नवा नाहीं. संपादक आपल्या नायकाची कथा जुळवितो, तींत सांगणारा विश्वासू सेवक चालतो. स्वतः लिहिणारा सेवक अडचणीचा होतो. काष्ठलेखांत बरोबरच्या मुखियांचीं, मनियासेरे व उचोपेरे यांचीं, नांवें आहेत. कोरणाऱ्याचें नांव नाहीं. आपल्याकडील सनदांतहि धन्याचा शिक्का असतो, मजकूर लिहिणारा कारकून शोधून काढावा लागतो. पांडवलेण्यांतील नहपानाच्या व गौतमीपुत्राच्या लेखांइतकाच हा काष्ठलेखहि नाशिकच्या लेखनपरंपरेंत गणला पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. तो कोरणारा हात शरणपुरांत अक्षरें गिरवून तयार झाला होता.

पुढें १८७४-७५ सालीं प्राइस यांनीं मोंबासाजवळ फ्रियरटाउन वसविलें आणि नाशिकचे आफ्रिकी लोक तिकडे नेण्यांत आले. बार्टल फ्रियर हे पूर्वीं मुंबईचे गव्हर्नर होते. १८७३ त गुलामांच्या व्यापाराविषयींच्या वकिलातीवर ते झांजिबारास गेले होते. त्यांच्या नांवावरून हें नांव पडलें. या वसाहतींतहि पगार व दर्जा यांवरून बाँबे आफ्रिकन व युरोपियन मिशनरी यांत तंटे झाले. फेडच करावयास जन्मलेलीं माणसें पगाराविषयीं भांडत नसतात. हे लोक भांडले, यावरून त्यांनीं आपली मुक्तता उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून समजून घेतली होती, असें अनुमान आम्ही काढितों.

तिसरें मत : ‘आमच्याकडे गुलामगिरी नव्हतीच’

पहिलीं दोन मतें परक्यांचीं. तिसरें घरचें आहे, म्हणून त्याचें परीक्षण अधिक कठोर झालें पाहिजे. गुलामांचा व्यापार हा फिरंगी व अरब यांचा, आमच्याकडे घरकाम करणाऱ्या दासी कुटुंबांतल्यासारख्याच राहत, असें हें मत. त्यास आधार म्हणून शिवाजी महाराजांनीं १६७७ च्या कर्नाटक-स्वारींत डच कंपनीस दिलेला कौल दाखविण्यांत येतो. त्यांत पूर्वींच्या अमलांत चालत असलेली स्त्रीपुरुषांची खरेदी व निर्यात आपल्या राज्यांत चालणार नाहीं, असें स्पष्ट बजाविलें आहे. हा कौल अस्सल आहे व त्याचें महत्त्व मोठें आहे. युरोपीय कंपन्या गुलामांच्या नफ्यावर गबर होत असतां हिंदुस्थानांतील एका राजानें तो व्यापार आपल्या मुलुखांत मना केला, ही अभिमानाची गोष्ट होय.

पण एका कौलानें सबंध शंभर-सवाशे वर्षांचा पुरावा झांकतां येत नाहीं. पेशव्यांच्या रोजनिश्या व पेशवे दप्तर चाळणाऱ्यास कुणबिणींच्या नोंदी पदोपदीं भेटतात: खरेदी, बक्षीस, पळून गेलेल्यांचा शोध, बदकर्माच्या शिक्षेंतून आलेली बंदी, म्हातारपणीं दिलेली मोकळीक. शेवटची नोंद दयेची म्हणून पुढें करण्यांत येते. परंतु मोकळीक द्यावी लागली, याचा अर्थच ती आधीं नव्हती. दासीपोटीं झालेल्या मुलास लेकावळा हा स्वतंत्र शब्द मराठींत आहे. ज्या समाजांत ती स्थितिच नाहीं, त्याच्या भाषेस असा शब्द लागत नाहीं.

येथें शब्दानेंहि संशोधकाची फसगत होते. कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको आणि कुणबीण म्हणजे विकत घेतलेली दासी. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशांत हे दोन्ही अर्थ दिलेले आहेत. पहिल्या अर्थाच्या आडोशास दुसरा लपतो. यादींत बैल, भांडीं व कुणबीण एका ओळींत आल्या तर तेथें कोणता अर्थ घ्यावा, याविषयीं शंका राहूं नये.

समुद्रापलीकडेहि आपले हात कोरडे नव्हते. झांजिबारांत कच्छी व गुजराथी पेढ्यांचें मोठें वर्चस्व होतें. तेथील जकातीचा मक्ता जयराम शिवजीच्या पेढीकडे होता. १८६० च्या सुमारास इंग्रज वकील रिग्बी यानें तेथील हिंदी प्रजाजनांस आपले गुलाम सोडावयास लाविलें. शरणपुरास आलेलीं मुलें ज्या व्यापारांत विकलीं गेलीं, त्यांत हिंदी भांडवल होतें, हें विसरून त्यांच्या आश्रमाचा अभिमान बाळगणें योग्य नव्हे.

याच संदर्भांत जोतिराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ या ग्रंथाचा विचार केला पाहिजे. तो १८७३ सालीं निघाला व अमेरिकेंतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या तेथील सज्जनांस अर्पण केलेला आहे. ग्रंथांतील पुराणकथांचा अर्थ इतिहास म्हणून टिकत नाहीं, असा आक्षेप जुनाच आहे आणि अवतारकथांपुरता तो रास्तहि आहे. पण त्यावरून ग्रंथाचें नांव केवळ अलंकारिक ठरवून तो बाजूस सारणें ही साधनांची हेळसांड होय. शूद्रातिशूद्रांच्या स्थितीस गुलामगिरी हाच शब्द लावावा, असें १८७३ सालीं पुण्यांत राहणाऱ्या एका माणसास वाटलें, हीच मुळीं एक ऐतिहासिक घटना आहे आणि तिची मिति पक्की आहे. त्याच वर्षीं ५ जून रोजीं झांजिबारच्या सुलतानानें समुद्रमार्गें होणारा गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या तहावर सही केली, आणि त्याच वर्षीं शरणपुरच्या विद्यार्थ्यानें आफ्रिकेंत तो लेख कोरला. या तीन गोष्टींत कार्यकारणभाव नाहीं. पण अमेरिकेंतील मुक्ततेची पैवस्ती महाराष्ट्रांत कोणाच्या हातीं झाली, असें कोणी विचारल्यास जोतिरावांची अर्पणपत्रिका हेंच त्याचें उत्तर द्यावें लागेल.

दिवस कोण ठरवितो?

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. अमेरिकेंत अध्यक्ष लिंकन यांचा मुक्ततेचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. टेक्सास संस्थानांत गॅल्व्हेस्टन बंदरीं सेनापति ग्रेंजर यानें तो हुकूम जाहीर केला १९ जून १८६५ रोजीं, म्हणजे अडीच वर्षांनीं. तेथील मुक्त झालेल्या लोकांनीं सण म्हणून धरला तो १९ जून. हुकमाचा दिवस नव्हे, हुकूम पोंचल्याचा दिवस. २०२१ सालीं संयुक्त सरकारनें त्यास राष्ट्रीय सुट्टीची मान्यता दिली. लोकांनीं धरलेली पैवस्तीची मिति सरकारी पंचांगांत जावयास १५६ वर्षें लागलीं.

मॉरिशसची गोष्ट मराठी वाचकांस अधिक जवळची आहे. तेथें गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजीं संपली. पण गुलामांच्या जागीं उसाच्या मळ्यांवर हिंदी गिरमिटिये येऊं लागले ते आधींच, २ नोव्हेंबर १८३४ पासून. त्यांत पुढें कोकणांतून गेलेलीं मराठी कुटुंबेंहि होतीं. आज त्या बेटांत दोन्ही दिवसांस सुट्टी असते. एकाची मुक्तता व दुसऱ्याचा गिरमीट हीं एकाच व्यवहाराचीं दोन पानें आहेत, हें तेथील पंचांग उघड सांगतें. तेथील ल मॉर्न डोंगराविषयीं अशी दंतकथा आहे कीं, मुक्ततेची बातमी सांगावयास निघालेले शिपाई पाहून आपणांस धरावयासच आले असें समजून पळपुट्या गुलामांनीं कड्यावरून उड्या टाकिल्या. दंतकथेस पुरावा मागूं नये. पण रवानगी व पैवस्ती यांतील अंतर किती प्राणघातक असूं शकतें, हें लोकस्मृतीनें तींत अचूक टिपलें आहे.

महाराष्ट्रांत १ ऑगस्ट हा लोकमान्यांची पुण्यतिथि व अण्णाभाऊ साठे यांची जयंती म्हणून पाळला जातो. इंग्लंडच्या कायद्याची मिति त्या दिवशीं आणून बसविण्यांत अर्थ नाहीं. मुक्ततेचा दिवस लोकांनीं स्वतः धरल्याचें उदाहरण घरींच आहे. १८७१ च्या कायद्यानें सबंध जमाती गुन्हेगार ठरविण्यांत आल्या होत्या. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं कायद्यानें पुसला गेला, आणि भटक्या-विमुक्तांत ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळण्यांत येतो. ही मिति कोणा परोपकाऱ्याच्या गौरवासाठीं धरलेली नाहीं. ज्यांच्या कपाळावरील शिक्का पुसला, त्यांनीं ती धरली, म्हणून ती जिवंत आहे.

निष्कर्ष

एक : १८३३ किंवा १८३४ ही हिंदुस्थानांतील दास्यविमोचनाची मिति नव्हे. १८४३ ही न्यायालयांनीं मालकी मानणें सोडल्याची व १८६२ ही दंड लागू झाल्याची मिति होय.

दोन : शरणपुराचा इतिहास आश्रयदात्यांचा म्हणून लिहिला गेला, तो आश्रितांच्या लिखाणावरून पुन्हां लिहावयास पाहिजे, आणि त्याचें मुख्य साधन वेनराइटची रोजनिशी व काष्ठलेख हें आहे.

तीन : कुणबिणींचे कागद प्रसिद्ध झाल्यावांचून महाराष्ट्रांतील दास्याचा इतिहास लिहितां येणार नाहीं, आणि तो लिहिल्यावांचून त्याच्या अंताचा दिवस पाळणें हा पोकळ उपचार होईल.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. जुन्या घराण्यांच्या रुमालांत सनदा व निवाडे निघतात तसे दासी घेतल्या-दिल्याचे कागदहि निघतात. घराण्यास कमीपणा येतो म्हणून ते बाजूस काढूं नयेत, फाडूं तर नयेतच. त्यांची नक्कल करतांना दोन्ही मित्या उतराव्या, ‘कुणबीण १’ एवढ्यावर न थांबतां कागदांत आलेलें तिचें नांव, वय व गांव जसेंच्या तसें उतरावें, आणि घराण्याचें नांव हवें तर वगळावें. घराण्याच्या अब्रूची काळजी वाहणारे पुष्कळ आहेत. त्या बाईचें नांव मात्र त्या एका कागदावांचून दुसऱ्या कोठेंहि उरलेलें नसतें.